लोखंड जुनं, रबर नवं

मारुती 800 चा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक आठवणींचा. पहिली गाडी, पेढ्यांचा पुडा, सहा जण कोंबून केलेली गणपतीपुळ्याची सहल वगैरे. दुसरा चेष्टेचा. डबडं, काड्यापेटी, ट्रकने हॉर्न दिला तरी हलते. डिसेंबर 1983 पासून जानेवारी 2014 पर्यंत जी गाडी बनत राहिली, तिच्याबद्दल तीस वर्षांत एवढंच बोलायचं? ती वळणावर कशी वागते, खड्ड्यातून निघाल्यावर सरळ राहते का, ब्रेक लावल्यावर कुठल्या बाजूला ओढते, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. गाडी वाईट चालायला लागली की "जुनी झाली" म्हणायचं आणि विकायची.

दिवाळीत घरी जमलेल्या मंडळींपैकी दोघातिघांनी विचारलं, "काका, तुमच्या गाडीला नेमकं केलंत काय?" प्रत्येकाला अर्धवट सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढावं म्हटलं. ज्यांना गाड्यांमध्ये रस नाही त्यांनी फराळाच्या आठवणींवर लक्ष द्यावं, माझा राग नाही.

आमची गाडी 2004 ची. 2019 मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा पुनर्नोंदणी केली, पर्यावरण कर भरला. 2024 मध्ये पुन्हा केली, तेव्हा नुसतं नोंदणीचं शुल्कच 5000 रुपये पडलं. तेवढ्यात चिरंजीवांचा पुण्याहून फोन. "बाबा, आता तरी विका." विकली असतीही. पण प्रश्न अक्काचा होता.

माझी थोरली बहीण साखरप्याला राहते. आंबा घाट उतरला की लगेच. वय त्र्याऐंशी. तिच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, त्यासाठी महिन्याला एक इंजेक्शन घ्यावं लागतं आणि ते कोल्हापुरात. एसटीत ती चढू शकत नाही. भाड्याची गाडी सांगितली तर जाऊन येऊन बिल ऐकून तीच म्हणते, "राहू दे, एका डोळ्याने दिसतंय." म्हणजे मी जायचं, तिला घेऊन यायचं, दोन दिवस ठेवून पुन्हा सोडायचं. हे जमत होतं. पण 2024 च्या पावसाळ्यात घाट चढताना तिला दोनदा उलटी झाली आणि तिसऱ्या महिन्यात तिने यायलाच नकार दिला. "तुझी गाडी होडीसारखी डोलते रे. मला ते इंजेक्शन नको आणि ती होडी पण नको." इंजेक्शन चुकलं तर गेलेली नजर परत येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

तेव्हा आमच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. चांगला माणूस आहे, माझ्या शाळेत नव्हता पण मला सरच म्हणतो. त्याने गाडी एक चक्कर मारून आणली आणि म्हणाला, "सर, गाडी म्हातारी झालीया. आता डोलणारच की."

"म्हातारी झाली म्हणून डोलते, का डोलते म्हणून म्हातारी वाटते?" मी विचारलं.

तो हसला. पण मला खरोखरच तेच विचारायचं होतं. कारण हीच गाडी 2004 मध्ये याच घाटात डोलत नव्हती. साडेसहाशे किलोच्या आसपासची हलकी गाडी, पुढे स्ट्रट, मागे सरळ ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग, रॅक-पिनियनचं स्टिअरिंग. रेसची गाडी नव्हे, पण वळण सांगितलं की वळायची. मग वीस वर्षांत बदललं काय? इंजिन तेच, पत्रा तोच.

पुतण्याकडे उत्तर तयार होतं. त्याच्या वयात उत्तरं तयारच असतात. पहिला उपाय, स्प्रिंगचा एकेक वेढा कापायचा. गाडी खाली बसते, डोलणं कमी होतं. आमच्या गल्लीत एकाने हे केलेलं आहे आणि त्याची गाडी मी गतिरोधकावर आपटताना रोज ऐकतो. कापलेली स्प्रिंग कडक होते हे खरं, पण चाकाला वरखाली व्हायला जागाच उरत नाही. खड्ड्यात चाक पूर्ण खाली लोंबलं तर स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटूही शकते. घाटात ते नको.

दुसरा उपाय, जुन्या झेनची 13 इंची चाकं. हा जरा विचार करण्याजोगा होता, कारण चार बोल्टांचं अंतर दोन्ही गाड्यांना सारखंच, 114.3 मिलिमीटर. भंगारात झेनच्या रिमा मिळतातही. मी कागद-पेन्सिल घेतली. आमचा टायर 145/70 आर 12, म्हणजे व्यास सुमारे 508 मिलिमीटर. झेनचा 145/70 आर 13, म्हणजे सुमारे 533. चाक पाच टक्के मोठं. मीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 63 ने जात असेल. ते एक वेळ चाललं असतं. पण तेवढाच प्रत्येक गिअर लांबतो, आणि तीन सिलिंडरच्या 796 सीसी इंजिनाला आंबा घाटात अक्का, तिची पिशवी आणि फणस घेऊन चढायचं असतं. शिवाय गाडी उंच होते, म्हणजे डोलायला आणखी वाव. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. नोंदणीत लिहिलंय त्याहून वेगळी गाडी करू नका म्हणतं. उद्या काही झालं तर विमावाला आधी चाकांकडेच बघणार.

तिसरा उपाय बॉनेटखाली दोन स्ट्रटांना जोडणारी आडवी दांडी. उद्यमनगरात कुणीही वेल्डर तासाभरात करून देईल. त्याने बॉनेट उघडल्यावर फोटो छान येतो. असो.

मी मिस्त्रीला म्हटलं, नवीन काही जोडायचं नाही. 2004 ला जे होतं आणि आता नाही, ते शोधू. दोन दिवस त्याचं काम सांभाळून आम्ही हेच केलं, आणि खरं सांगतो, निवृत्तीनंतरचे इतके मजेचे दोन दिवस मला आठवत नाहीत.

बॉनेटचा कोपरा हाताने दाबून सोडला. शॉकअप चांगला असेल तर गाडी एकदा वर येते आणि थांबते. आमची तीनदा नाचली. मग सपाट फरशीवर गाडी उभी केली आणि गवंड्याचा ओळंबा मडगार्डच्या कडेवरून खाली सोडला. दोरीपासून रिमची वरची कड किती लांब आणि खालची किती, हे पट्टीने मोजलं. डाव्या चाकात दोन्हींचा फरक 4 मिलिमीटर, उजव्यात 11. म्हणजे एक चाक सरळ उभं आणि दुसरं कलंडलेलं. उजव्या कोपऱ्यात गाडी बसलीही होती. वीस वर्षं एकटा ड्रायव्हर त्याच बाजूला बसतो, त्याचा भार कुणीतरी घेतलाच असणार. मग चाकं जॅकवर उचलून फिरवली आणि रिमच्या कडेजवळ खडू स्थिर धरला. रिम सरळ असेल तर खडूची रेघ सगळीकडून लागते. पाचपैकी दोन रिमांना ती एकाच जागी लागली. खड्ड्यांनी वाकलेल्या. खडू धरलेला बघून मिस्त्रीचा पोऱ्या म्हणाला, "सर, फळ्यावर पण लिवा की!"

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र खाली होती. मागचा ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा रॉड असतो. एक टोक ॲक्सलला, दुसरं बॉडीला, दोन्हीकडे रबरी बुश. आमच्या रॉडच्या एका बुशचं रबर नावालाच होतं, आणि भोक घासून अंडाकृती झालेलं. मी बाहेरून गाडीला कमरेने धक्का दिला तर चाकं जागेवर आणि बॉडी बोटभर सरकून परत. वळणावर हेच व्हायचं. आधी चाकं वळायची, मग मागाहून अंग वळायचं, आणि वळण संपलं की उलटा हेलकावा. अक्काची होडी ती हीच.

पुढेही तीच कथा. पुढचा स्टॅबिलायझर बार म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी वाकवलेली सळई. वळणावर एक बाजू दबायला लागली की ती दुसऱ्या बाजूलाही ओढते आणि गाडी कमी कलते. 800 मध्ये तीच सळई खालच्या लोअर आर्मला पुढेमागे सरकू देत नाही. तिची बुशं गेली की गाडी कलतेही जास्त आणि ब्रेक लावल्यावर नाकही एका बाजूला फिरवते. बुश म्हणजे वीसपंचवीस रुपयांची रबरी चकती. ते वाळून तडकलं की वरचं सगळं लोखंड शाबूत असूनही गाडी म्हातारी.

तिथे मला एक नियम सुचला, तो मिस्त्रीलाही पटला. लोखंड भंगारातून घ्यायचं, रबर दुकानातून. सळई, लोअर आर्म, रिम, स्प्रिंग या वस्तू वाकल्या-गंजल्या नसतील तर वर्षांनी फारशा बिघडत नाहीत. रबर मात्र न वापरता पडून राहिलं तरी वाळतं. त्यामुळे बुश, टायर आणि ब्रेकची नळी कितीही कमी किमतीत मिळाली तरी जुन्यातली नको. शॉकअपही नको, त्याच्या आतलं सील आणि तेल बाहेरून दिसत नाही. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड तर मुळीच नको. ते तुटलं तर स्टिअरिंग हातात आणि चाक दरीकडे.

मुंबईला कुर्ला, दिल्लीला मायापुरी, तसे मोठे बाजार आमच्याकडे नाहीत. पण हायवेलगत एका भंगारवाल्याच्या आवारात पंधरावीस गाड्या ओळीने उभ्या होत्या. इथे निवड करायची तीही विचारानेच. पुढचं सामान हवं असेल तर मागून ठोकलेली गाडी बघावी, आणि मागचं हवं असेल तर पुढून ठोकलेली. ज्या बाजूला मार बसला त्या बाजूचं लोखंड सरळ दिसलं तरी घेऊ नये. आणि पावती मागावी. पावतीला कां कूं करणाऱ्याकडून काही घेऊ नये, ते सामान कुणाच्या उभ्या गाडीचं असेल सांगता येत नाही.

ठोकलेल्या गाड्या बघत बघत आम्ही मागच्या ओळीत गेलो, तर तिथे एक पांढरी 800, 2012 ची, कुठेही पोचा नाही. मला वाटलं, ही इथे कशी? दार उघडल्यावर कळलं. सीटच्या पाठीपर्यंत चिखलाची सरळ रेघ होती. 2021 च्या जुलैमधल्या पुरात बुडालेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि मग 2021 मध्ये पंचगंगेने कोल्हापुरात जे केलं ते आम्ही पाहिलंय, पण गाड्यांचं पुढे काय झालं हा विचार मी कधी केला नव्हता. मीटरवर 31,000 किलोमीटर. समोरच्या कप्प्यात वाळून विटेसारखा झालेला कागदांचा गठ्ठा, आणि आरशाला एक मण्यांची माळ, तिला मात्र काही झालं नव्हतं. नऊ वर्षांत एकतीस हजार, म्हणजे जपून वापरणाऱ्या कुणाची तरी असणार. मी ती माळ तशीच राहू दिली.

पुरातल्या गाडीचं इंजिन, वायरिंग, चाकांच्या बेअरिंगा यांना हात लावू नये. चिखलाचं पाणी आत शिरलं की बेअरिंग आज फिरते आणि सहा महिन्यांनी ओरडते. पण स्प्रिंगला पाण्याने काय होणार? वरवरचा गंज. तो घासून बघायचा. आत खड्डे पडले असतील तर सोडून द्यायचं, कारण स्प्रिंग तशा खड्ड्यापासूनच तुटते. पुढच्या दोन स्प्रिंगा काढून फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. उंची अगदी सारखी. आमच्या जुन्या दोघींत मात्र बोटाच्या पेराएवढा फरक निघाला. स्प्रिंग घ्यायची ती नेहमी एकाच गाडीची जोडी.

मग पुन्हा खडू. हा जुना कारखान्यातला उपाय आहे. लोखंड स्वच्छ पुसून त्याला रॉकेल लावायचं, थोडा वेळ थांबायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड फासायची. कुठे केसाएवढी चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. स्प्रिंगा, बार, आडवा रॉड आणि दोन्ही लोअर आर्म असे तपासले. एका लोअर आर्मवर, वेल्डच्या कडेला, रेघ उमटली. तो परत. दुसरा आर्म दुसऱ्या एका मागून ठोकलेल्या 800 चा घेतला आणि दोन्ही पाठीला पाठ लावून पाहिले. भोकासमोर भोक बरोबर आलं. बार लेथच्या बेडवर ठेवून पाहिला, डुगडुगला नाही.

आता हिशेब, कारण "भंगारातून स्वस्तात केलं" ऐकून लोकांचे डोळे चमकतात. स्प्रिंगांची जोडी 700, दोन सरळ रिमा 800, दोन लोअर आर्म 600, बार 400, आडवा रॉड 250. भंगाराचे एकूण 2750. नवीन बुशं 850, चारही शॉकअप 5200, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड 1100, चार टायर 9200. मजुरी 3500, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग 700. सगळे मिळून 23,300. म्हणजे ज्याला स्वस्त म्हणायचं ते नऊ भागांतला एक भागच. पण लोखंड नवीन घ्यायला गेलो असतो तर मी बहुतेक शॉकअपवर नाहीतर टायरवर काटकसर केली असती. भंगारातून जे वाचलं ते रबरात गेलं, आणि जायला तिथेच हवं होतं.

टायरवरून आठवलं. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. 2318 असेल तर तो 2018 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आमच्या गाडीचे टायर नक्षी भरपूर शिल्लक असलेले, पण 2014 चे होते. नक्षी बघून खूश राहणाऱ्यांनी आजच आपल्या गाडीवरचे आणि स्टेपनीवरचे ते आकडे वाचावेत.

आणि एक फुकटचा उपाय. टपावरचं कॅरियर काढलं. तांदळाच्या गोण्यांसाठी कधीतरी बसवलं होतं, त्यावर वर्षानुवर्षं काही चढलं नव्हतं. वजन सगळ्यात उंच जागी असेल तर गाडी जास्त कलते, हे सांगायला पदार्थविज्ञान लागत नाही. एसटीच्या टपावर सामान बघितलेल्या कुणालाही ते माहीत आहे. काढताना सौ. म्हणाली, "मग आंबे?" आंबे डिकीत.

काम मार्गशीर्षात संपलं. घाटाच्या आधी मी एकटाच मलकापूरपर्यंत जाऊन आलो. स्टिअरिंग जड झाल्यासारखं वाटलं. खरं म्हणजे जड नव्हतं, मधली मोकळी जागा गेली होती. फिरवायला लागलो की गाडी त्याच क्षणी फिरायला लागायची. रस्त्याचे खडे जरा जास्त कळतात, ते नव्या बुशांमुळे. पण वळण एकदा घेतलं की घेतलं, मागून दुसरा हेलकावा नाही.

चिरंजीवांना फोटो आणि हिशेब पाठवला. त्याचं उत्तर आलं, "बाबा, धडक झाली तर हे काहीच कामाचं नाही." तो बरोबर बोलतो आणि मी वाद घातला नाही. 1 जुलै 2019 पासून नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, आमच्या गाडीत ती नाही, एबीएस नाही, आणि पत्रा 800 चा आहे. नीट वळणारी गाडी धडक टाळायला मदत करते, धडकेत वाचवत नाही. म्हणून मी साठच्या वर जात नाही, रात्री घाटात जात नाही, आणि धुकं असेल तर आंब्याला चहा घेत थांबतो. दर महिन्याला निघताना त्याला कळवतो आणि पोचल्यावर कळवतो. तेवढा त्याचा हक्क आहे. डोळे माझेही तपासून घेतले, कारण अक्काच्या डोळ्यांसाठी माझ्या डोळ्यांवर गाडी चालणार.

पौषात अक्काला आणायला गेलो. ती आधी गाडीभोवती फिरली. "तीच आहे ना?" तीच, म्हटलं. तोंडात आवळकाठी, हातात प्लास्टिकची पिशवी तयार ठेवून बसली. घाटातल्या पहिल्या दोन वळणांवर तिने दाराची मूठ घट्ट धरली होती. चौथ्या-पाचव्या वळणाला आमच्या मामाच्या जमिनीच्या वाटणीचा विषय काढला, आणि मग वर आंब्यापर्यंत माझ्या बोलण्याला जागाच उरली नाही. पिशवी तशीच घडी घालून परत आली. तेव्हापासून तिचं एकही इंजेक्शन चुकलेलं नाही. मागच्या तपासणीला तिने भिंतीवरच्या तक्त्याची वरून तिसरी ओळ वाचली, आणि एक अक्षर चुकीचं छापलंय म्हणून डॉक्टरांशी वाद घातला.

एक काम राहिलंय. मागच्या स्प्रिंगा अजून मूळच्याच आहेत. मागच्या सीटवर तिघं बसले की गाडी जरा जास्तच बसते आणि दिवे झाडांच्या शेंड्यांकडे बघायला लागतात. त्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा चांगल्या आहेत, मी खडू लावून पाहून आलोय. पेन्शन जमा झाली की जाईन. भंगारवाल्याला सांगून त्यांच्यावर माझं नाव टाकून ठेवलंय, खडूनेच. पाऊस यायच्या आत काढायला हव्यात.